दोनचे ठोके आणि थ्री फेज

साठी उलटली की माणसाला काही ना काही होतंच. कोणाचे गुडघे जातात, कोणाला साखर निघते, कोणी पहाटे मैदानात जाऊन विनाकारण मोठमोठ्यानं हसायला लागतो. मला रसास्वाद झाला.

वरवट बकालात हा आजार याआधी कोणाला झाल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे त्यावरचा काढाही कोणाला माहीत नव्हता. लागण पुण्यात झाली. मुलाकडे गेलो होतो. मुलगा-सून नोकरीवर, नातू शाळेत, आणि मी गॅलरीतल्या कुंड्या मोजत बसलेला, अशा अवस्थेत शेजारच्या फ्लॅटमधल्या एका सद्गृहस्थांनी मला चहाला बोलावलं. हे गृहस्थ सिनेमा पाहायला शिकलेले होते. म्हणजे रीतसर, वर्गात बसून, वही घेऊन. प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर सरकारनं १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट काढली, आणि ती संस्था व जवळचं फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर माझी समजूत अशी, की सिनेमा पाहायला दोन डोळे, एक तिकीट आणि पंख्याखालची खुर्ची एवढं पुरतं.

त्यांनी १९४९ चा 'महल' लावला आणि लगेच थांबवला.

"काय दिसतंय?"

"अशोककुमार," मी म्हणालो.

"आणखी?"

"अशोककुमारचा कोट."

"कोटाच्या मागं बघा. भिंतीवर. सावली बघा सावली!"

मी "हो, हो" म्हणालो. उमर सगळी जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. मालकाला काहीही कळो न कळो "हो, हो" म्हणायची जिभेला सवय झालेली. त्या "हो, हो"नं घात केला. गृहस्थांना वाटलं, माणूस मर्मज्ञ आहे. मग त्यांनी मला सगळंच सांगितलं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजनं जर्मनीहून जी माणसं आणली त्यात जोसेफ विर्शिंग नावाचा कॅमेरामन होता. महायुद्ध लागल्यावर इंग्रजांनी त्याला शत्रुदेशाचा म्हणून छावणीत डांबला. सुटल्यावर गडी मायदेशी न जाता इथंच राहिला आणि त्यानं 'महल' टिपला. दिग्दर्शक कमाल अमरोहीचा हा पहिलाच सिनेमा, आणि मधुबाला अवघी सोळा वर्षांची. त्याच सुमारास अमेरिकेतही असल्या काळोख्या सिनेमांची लाट होती, त्यांना फ्रेंच समीक्षकांनी फिल्म न्वार म्हटलं. मसाला ठरलेला: रात्र, पाऊस, ओला रस्ता, कोट, हॅट, एक गूढ बाई, आणि तिच्या नादानं धुळीला मिळणारा एक चांगला कमावता पुरुष.

माझं मन अशोककुमारनंच धरलं होतं, हे तुम्हाला म्हणून सांगतो. जन्म त्याचा भागलपूरचा असेल, पण वाढला खंडव्याला, आणि खंडवा म्हणजे आमच्या सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला. मधे डोंगर नसता तर मी त्याला अशोकभाऊच म्हटलं असतं. इतक्या जवळचा माणूस इतकी वर्षं पडद्यावर सावल्या पाडतो आणि आपण त्याचा कोटच पाहत बसलो, याची मला लाज वाटली. वही विकत घेऊनच पुणं सोडलं.

शेगावला रेल्वेतून उतरून एस.टी. धरली आणि वरवट बकालच्या स्टँडवर पाय ठेवल्या ठेवल्या मी कोणाची सावली कुठं पडली आहे ते पाहू लागलो. मे महिना होता आणि दुपारचे बारा. कोणाचीच कुठं पडली नव्हती.

घरी आल्यावर मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून सिनेमा थांबवत थांबवत पाहायला लागलो. बायको पोळ्या लाटता लाटता दारातून डोकावली. "अहो, हा माणूस अटकला काय? टीव्हीच्या पाठीवर एक चापट मारा बरं." मी म्हणालो, मीच थांबवलाय, मी प्रकाश बघतोय. ती म्हणाली, "मग बल्ब लावू का?" असल्या वातावरणात कला वाढत नाही.

वातावरणच बदलावं असं ठरवलं. लग्नात खामगावला शिवलेला कोट ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होता. पोट सोडून बाकी सगळीकडं तो अजून बसतो. पारा पंचेचाळीसला टेकलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीला गेलेलं, अशा वेळी मी तो कोट घालून, कॉलर वर करून, खिशात हात घालून, गूढ चालीनं घराबाहेर पडलो. न्वारमध्ये नायक असा निघाला की कोणी तरी त्याच्या मागावर असतं. माझ्याही मागावर होतं. पानठेल्यावरून दोघं उठले, पिठाच्या गिरणीपाशी एक मिळाला, आणि मी वळून पाहिलं तर आपले तिघंही गुमान चाललेले. मी थांबलो की तेही थांबत. शेवटी त्यातला वयानं मोठा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मुनीमजी, पंगत कोणाच्या घरी हाये?"

कोट परत ट्रंकेत गेला. पण ओल्या रस्त्याचा विचार डोक्यातून जाईना. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रात्रीचा रस्ता मुद्दाम पाणी मारून ओला करतात, म्हणजे दिव्याचा उजेड डांबरावर चकाकतो आणि काळोख अधिक काळा दिसतो. आमच्या दारासमोरच्या खांबाला एलईडी दिवा आहे. म्हटलं, बादलीभर पाणी टाकून पाहू. आता आमचा तालुका कसा, ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. खालच्या अंगाला खारपाणपट्टा, हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही, गोडं पाणी नळाला येतं ते वान धरणावरून, आणि येतं तेव्हा गावातली पातेली, घागरी, पिंप, इतकंच काय चहाचे पेलेसुद्धा भरून ठेवले जातात. अशा गावात, मे महिन्यात, रात्री दहा वाजता, एक सेवानिवृत्त मुनीम भरलेली बादली रस्त्यावर ओततो आणि मग खाली बसून, मान वाकडी करून, त्या ओलीकडं कौतुकानं पाहत राहतो. आळीतल्या चार बाया गोळा झाल्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्या बायकोला बोलल्या.

चकाकी मात्र खरंच दिसली होती. जेमतेम मिनिटभर, मग रस्त्यानं पाणी पिऊन टाकलं.

या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली की मला खरोखर काही तरी दिसलं. आमच्या न्हाणीला तुराट्यांचा कुड आहे. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन त्या कुडातून आडवं येतं आणि अंगणात काळ्या-पिवळ्या पट्ट्या पडतात. बायको तिथंच सुपात ज्वारी निवडत बसलेली. एक पट्टी तिच्या कपाळावर, एक बांगड्यांवर, एक सुपाच्या कडेवर. हात हलला की बांगडीवरचा उजेड मनगटाकडं सरके आणि दाणे सुपात उडाले की क्षणभर उन्हात, क्षणभर काळोखात. विर्शिंगनं ज्यासाठी जर्मनीहून दिवे आणले असतील ते इथं न्हाणीच्या कुडानं फुकट केलं होतं, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. माझा श्वास अडकला. दबक्या आवाजात मी म्हणालो, "हलू नको. अजिबात हलू नको."

"इचू हाये का वं माय!" म्हणून बायकोनं किंकाळी फोडली, सूप एकीकडं, ती दुसरीकडं, आणि ज्वारी अंगणभर. विंचू नाही, प्रकाशयोजना आहे, हे मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी दाणे वेचत होतो.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण पुण्याच्या गृहस्थांनी वहीत आणखी एक नाव लिहून दिलं होतं: व्ही. के. मूर्ती. हा गुरुदत्तचा कॅमेरामन. पुढं त्याला फाळके पुरस्कार मिळाला, असा मान मिळालेला पहिला छायालेखक. 'कागज के फूल' या १९५९ च्या सिनेमात स्टुडिओच्या अंधारात वरून उन्हाचा एक जाड झोत खाली उतरतो, तो मूर्तींनी बाहेरच्या खऱ्या उन्हाला मोठ्या आरशांवरून वळवून आत आणला होता. हे वाचल्यावर मला वाटलं, ऊन आहे, आरसे मिळतील. मूर्तींना जे मुंबईत जमलं ते वरवट बकालात का जमू नये, जिथं ऊन त्यांच्यापेक्षा दुप्पट आहे?

एक आरसा बायकोच्या लग्नातल्या कपाटाचा काढला. दुसरा सलूनवाल्याकडून दुपारपुरता मागून आणला. दुपारी गिऱ्हाईक नसतं. सलूनचा आरसा अंगणात बाजेला टेकवून उभा केला, कपाटाचा आरसा धाब्यावर चढवून उजेडखिडकीपाशी दगड लावून तिरपा ठेवला, माजघराची दारं-खिडक्या लावून काळोख केला आणि आत जाऊन पाहिलं. भिंतीवर चौकोनी उजेड होता, पण झोत कुठं दिसेना. मग आठवलं: हवेत धूर लागतो. मूर्तींकडं धुराची सोय असणार. माझ्याकडं गोवऱ्या होत्या. घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर निंबाचा ओला पाला टाकला, जसा आपण डासांसाठी करतो, फक्त जरा सढळ हातानं.

आणि झोत दिसला. काय सांगू तुम्हाला! छतापासून जमिनीपर्यंत उन्हाचा खांब, त्यात धूर हळू हळू वळतोय, आणि आमचं माजघर, जिथं पिठाचे डबे, नातवाची तीनचाकी आणि गेल्या वर्षीचं लोणचं आहे, ते गुरुदत्तचा स्टुडिओ झालेलं. मी खोकत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मी त्या झोताखाली जाऊन उभा राहिलो, हात जरासे पसरून.

बाहेर काय चाललंय याची मला कल्पना नव्हती. ऊन एका जागी थांबत नसतं, हे मूर्तींना ठाऊक असणार, मला नव्हतं. अंगणातला आरसा जिथं होता तिथंच, सूर्य मात्र पुढं सरकलेला, त्यामुळे अर्धा उजेड आमच्या धाब्याऐवजी समोरच्या ओसरीवर झोपलेल्या दादांच्या डोळ्यांवर गेला. दादा दचकून उठले, आणि उठल्या उठल्या त्यांना दिसलं ते हे, की मुनीमजीच्या घराच्या फटीफटीतून पांढरा धूर निघतोय आणि दारं आतून बंद आहेत. त्यांनी जी हाक मारली ती म्हणे फाट्यापर्यंत ऐकू गेली. दार फुटायच्या बेतात मीच उघडलं आणि "काही नाही, काही नाही, झोत—" एवढं म्हणेपर्यंत पहिली घागर अंगावर आली. मग दुसरी. मग कोणाचं तरी पिंपच. नळाला आलेलं, जपून ठेवलेलं, झाकून ठेवलेलं गोडं पाणी, ज्यातली एक बादली ओतली म्हणून गावानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते सगळं त्या दुपारी त्याच गावानं न मागता माझ्यावर ओतलं.

लोणचं गेलं. सलूनचा आरसा सलामत राहिला. कपाटाच्या आरशाबद्दल घरात अजून चौकशी चालू आहे.

आता गावाचं काही तरी देणं लागत होतो. म्हटलं, सगळ्यांना अंगणात सिनेमा दाखवू आणि समजावूनही सांगू. म्हणजे मी वेडा नव्हतो हेही कळेल. पुतण्याच्या ओळखीचा एक लग्नात व्हिडिओ शूटिंग करणारा पोरगा आहे, त्याच्याकडं प्रोजेक्टर निघाला. पडद्याला डबल बेडची पांढरी चादर.

सिनेमा कोणता, यावर मात्र बराच खल झाला. मला 'पाठलाग' दाखवायचा होता. काळ्या-पांढऱ्या मराठी सिनेमात सावलीच्या खेळाचं नाव काढायचं तर मला तोच आठवतो: वकिलाची बायको वारते, आणि मग पोलीस एक दरोडेखोर बाई पकडतात ती हुबेहूब तिच्यासारखी, आणि भर कोर्टात म्हणते, मीच याची बायको. लहानपणी तो मी जत्रेतल्या तंबूत पाहिला, तोही पडद्याच्या मागच्या बाजूनं, कारण तिकडचं तिकीट स्वस्त. मागून सगळं उलटं दिसतं. सगळं कोर्ट डावखुरं. नावंही उलटी, त्यामुळे हा सिनेमा राजा परांजप्यांचा, १९६४ चा, जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरचा, आणि त्यातला तो देखणा गडी म्हणजे दातांचा डॉक्टर काशिनाथ घाणेकर, हे सारं मला पुष्कळ पुढं समजलं. पुतण्याला मी 'पाठलाग' आणायला सांगितला. तो म्हणाला, "काका, त्याच्यापेक्षा भारी प्रिंट भेटली," आणि 'मेरा साया' घेऊन आला. गोष्ट तीच, राज खोसलानं १९६६ साली 'पाठलाग'वरूनच तो काढला. पण तो रंगीत! सावलीवर चार पानं भाषण लिहून ठेवलेलं आणि समोर साधना गुलाबी. ते परत पाठवून शेवटी 'महल' ठरला.

लोक आले. सतरंज्या पुरल्या नाहीत, लोकांनी आपापल्या बाजा आणल्या. शेगावची आत्या आमच्याकडं मुक्कामाला होती, तिला मधोमध आरामखुर्ची. शेगावहून येताना तिनं कचोऱ्या आणल्या होत्या. त्या मध्यंतरासाठी ठेवल्या होत्या, पण मी प्रास्ताविक सुरू केलं तेवढ्यात मध्यंतर झालं असं समजून लोकांनी संपवल्या.

सिनेमा सुरू झाला. वादळी रात्र, ओसाड वाडा, माळी कंदील घेऊन जुनी कहाणी सांगतोय, भिंतीवर एक तसबीर, आणि तिच्यातला चेहरा पाहुण्याच्या चेहऱ्यासारखा. अंगण गप्प झालं. मीही भाषण गिळून गप्प बसलो, म्हटलं, जमतंय. तेवढ्यात मागून आवाज आला. "मुनीमजी, हा वाडा कोणाच्या नावावर हाये?" मी म्हणालो, पुढं बघा. "नाही, पण इतके वर्षं रिकामा पडला तर सातबाऱ्यावर कोणाचं नाव?" त्यावर आमच्या गावचे एक निवृत्त तलाठी उभे राहिले आणि म्हणाले, सातबारा शेतीचा असतो, घराला नमुना आठ पाहावा लागतो. मग आणेवारी, वारसनोंद, चुलतभावाची सही न घेता केलेली वाटणी असा विषय निघाला, आणि त्या गदारोळात कामिनीचं भूत एकदा येऊन गेलं ते कोणालाच दिसलं नाही.

घड्याळात दोनचे ठोके पडले आणि गाणं लागलं. या गाण्यासाठी मी सगळा खटाटोप केला होता. लताबाई तेव्हा जेमतेम विशीच्या. आवाज दुरून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्यांना मायक्रोफोनपासून लांब उभं करून, गात गात, हळू हळू चालत माइककडं यायला लावलं. संगीत खेमचंद प्रकाशांचं. पुढच्याच वर्षी ते वारले. सुरुवातीच्या तबकडीवर लताबाईंचं नावही नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं कामिनी, म्हणजे भुताचंच नाव. हे नुसतं सांगून कळणार नाही, करून दाखवावं, असं मला वाटलं. मी गोठ्यापाशी गेलो, हात पुढं केला आणि मंद पावलं टाकत, एकेक शब्द सांगत, पडद्याच्या दिशेनं येऊ लागलो. लताबाईंच्या वाटेत वायर नव्हती. माझ्या वाटेत होती.

अंधार झाला. "लाईट गेली," सगळे एका सुरात म्हणाले आणि सवयीनं उठून उभे राहिले. प्लग परत लावेपर्यंत निम्म्या पोरांनी जागा बदलून घेतल्या होत्या.

पुढं मधुबाला झोक्यावर दिसली. खरं सांगतो, चादरीवर सुरकुत्या होत्या, मधे शिवण होती, तरी अंगणातून एक उसासा आला. तिनं मान वर केली आणि तेवढ्यात एक पाल तिच्या हनुवटीवर चढली. उजेडाला पतंग जमले होते, त्यातला एक मधुबालेच्या डाव्या डोळ्यावर बसलेला, आणि पाल गालावरून दबा धरत निघाली. अख्खं अंगण पुढं सरकलं. पाल थांबली. लोक थांबले. पाल नाकापर्यंत आली. मग झडप! पतंग गट्टम झाला आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा मी आमच्या गावात निवडणुकीतसुद्धा ऐकलेला नाही. कमाल अमरोहीच्या वाट्याची टाळी पालीनं नेली.

टाळ्या ओसरल्या आणि त्या शांततेत आत्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "भूतगीत काही नाही. थे माळ्याची पोरगी हाये."

न्वार म्हणजे काय, तर शेवटापर्यंत धरून ठेवलेलं एक गुपित. त्यासाठी सगळा काळोख, सगळ्या सावल्या. आत्यानं ते एका वाक्यात वाटून टाकलं. तिनं 'महल' लग्न होऊन नवी नवी सासरी आली तेव्हा पाहिला होता आणि तेव्हापासून कोणी तरी विचारेल म्हणून ती वाट पाहत असावी. मी कपाळाला हात लावला. पण माझा अंदाज चुकला. गुपित फुटल्यावर लोक उठले नाहीत. उलट सरसावून बसले. "मग तिनं भूत काहून बनाव? सरळ सांगाव ना!" "माळ्याच्या पोरीले कोण विचारते वं? भूत झाली म्हणून तं पाहून राहिला तो." "बापाले माहीत होतं काय?" माझ्या चार पानी भाषणात या प्रश्नांचं उत्तर नव्हतं.

अशोककुमारचं लग्न झालं आणि मग बाया बोलायला लागल्या. त्याची ती बायको, रंजना, नवरा तिला लांब जंगलात नेऊन टाकतो, घरात वटवाघळं, साप, आणि हा तिच्याकडं न पाहता खिडकीतून त्या दुसरीच्या आठवणीत गुंग. "हे पाहा," समोरच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "लग्नाची घरात बसली, अन् याचा जीव सावलीत अटकला." कोणी तरी हसलं. मग आणखी कोणी हसलं. हळू हळू मला लक्षात आलं की पडद्याकडं कोणीच पाहत नाहीये. सगळ्या बाया माझ्या बायकोकडं पाहत होत्या, आणि माझी बायको माझ्याकडं. "हिनं तरी दोन वर्षं काढली," ती म्हणाली. "माझ्याकडून लोणच्याचं मडकं गेलं."

मी मान खाली घालून वहीत काही तरी लिहिण्याचं नाटक केलं.

कोर्टाचा प्रसंग सुरू झाला. आरोप, साक्षी, उलटतपासणी. रंजनानं विष घेताना नवऱ्याला असा काही गुंतवलाय की सुटका नाही. न्यायाधीश निकाल देणार, अशोककुमारचा चेहरा निम्मा उजेडात निम्मा काळोखात, आणि मी शेवटी उठून म्हणालो, "मंडळी, आता हा प्रकाश बघा..." त्याच वेळी गावाच्या टोकावरून एक आरोळी आली. "थ्री फेज आलीऽऽ!"

शहरातल्या वाचकांना याचं महत्त्व कळणार नाही. शेतातला पंप थ्री फेजवर चालतो, ती लाईट रात्रीच्या कुठल्या तासाला येईल त्याचा नेम नाही, आणि आली की संत्र्याला पाणी त्याच वेळी द्यावं लागतं. कमाल अमरोही थांबेल, संत्रा थांबत नाही. एका मिनिटात अंगणातले सगळे पुरुष बॅटऱ्या घेऊन पसार. जाता जाता तलाठी साहेबांनी तेवढं विचारलं, "फाशी झाली का?" आणि उत्तर न घेताच गेले. पोरं झोपलेली, ती बायांनी खांद्यावर टाकून नेली. बाजा गेल्या, सतरंजीवर कचोऱ्यांचे कागद राहिले.

राहिलेला सिनेमा आम्ही तिघांनीच पाहिला: आत्या घोरत होती, बायको चादरीच्या खालच्या टोकाला विंचू आहे का ते पाहत होती, आणि मी. अशोककुमारचा शेवट कसा होतो ते सांगत नाही. एक आत्या पुरे. सिनेमा संपल्यावर बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो मित्र बरा होता. त्याच्याशी लग्न झालं, त्या माळ्याच्या पोरीचं भलं झालं." आणि चादर काढून घडी घालायला लागली, मधुबालेच्या नाकावर पालीनं काय करून ठेवलं ते पुटपुटत.

मला वाटलं होतं, आता गावात तोंड दाखवायला जागा नाही. पण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर शेतातून आलेली मंडळी मला अडवून विचारत होती, फाशी झाली की नाही, आणि त्या वाड्याची नोंद शेवटी कोणाच्या नावावर झाली. पुढल्या आठवड्यात 'पाठलाग' लावा, असा आग्रहही झाला. या खेपेला पुतण्याला खरा, काळा-पांढरा, मराठी 'पाठलाग' मिळाला आहे. मी तो आधी एकटाच पाहून तपासून घेतला. भाषण करणार नाही. वायर जमिनीत पुरली आहे. चादरीऐवजी फ्लेक्सची पांढरी बाजू लावतोय, पालीला पाय टेकायला जागा नाही. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आत्याला कालच्या सकाळच्या एस.टी.नं शेगावला पोचवून आलो, गजानन महाराजांचं दर्शन घडवतो म्हणून.

स्टँडवर एस.टी.ला अर्धा तास उशीर होता. तेवढ्या वेळात कोर्टातली ती बाई नेमकी कोण, हे तिनं कंट्रोलरपासून पेरूवालीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं आहे.